देठ भाजायची फुलं

काल सकाळी वाफ्यात मान वर केलेली पहिली कळी मला दिसली. या फुलाची कळी आधी आठ-दहा दिवस खाली मान घालून असते, वर्गात उत्तर न आलेल्या पोरीसारखी. अंगभर बारीक लव. मग एका सकाळी देठ ताठ होतो, कळीला उभी चीर पडते आणि त्या फटीतून आतला रंग दिसतो. बस, तेव्हाच कापायची. एक दिवस थांबलात तर फूल झाडावरच उघडतं, मधमाश्या येऊन जातात आणि मग ते पाण्यात दोन दिवससुद्धा टिकत नाही. मी कात्री घेऊन गेले आणि वाफ्यापाशी उभी राहिले. दोन हिवाळे कोरडे घालवून ही कळी पाहत होते. काहीतरी वाटायला हवं होतं. पायाला थंडी वाजत होती, तेवढं कळलं.

दिग्रसला कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. आमचे हे तिथेच फिटर. कापसाचा हंगाम सुरू झाला की रुईचे तंतू उडत उडत आमच्या आवारात येतात, तुळशीवर बसतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात. या फुलांच्या केसाळ कळ्यांवर तर इतके अडकतात की सकाळी सकाळी एकेक उचलून काढावा लागतो. हे काम मी पूर्वी उजव्या हाताच्या बोटांनी करायचे, न पाहता, दुसरीकडे बोलता बोलता. आता पाहून करते.

या फुलांचं खूळ आमच्या घरात आणलं वैशूने, आमच्या लेकीने. अकोल्याला शेतकी शिकते. एका दसऱ्याला येताना बियांचं पाकीट घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं, आइसलँड पॉपी. मी म्हटलं, "अवं, बर्फातलं फूल दिग्रसात लावतं काय? इथं वैशाखात माणूस टिकत नाही."

"वैशाखाचं कोण म्हणते, आई? आपला हिवाळा पुरते त्याले. आता पेरजो, संक्रांतीले फुलं घेजो, होळी झाली की सोडून देजो."

बी म्हणजे निव्वळ धूळ. चिमूटभर बियांत मूठभर चाळलेली रेती मिसळायची, ट्रेमध्ये भुरभुरायची, वरून माती घालायची नाही, नुसता पाण्याचा फवारा मारायचा. चार पानं आली की मातीच्या गोळ्यासकट उचलून वाफ्यात लावायची, कारण मुळं हलली की रोप रुसतं. शेजारच्या शांताबाई कुंपणावरून हे सगळं बघत होत्या. त्या मूळच्या बंजारा तांड्यावरच्या. त्यांची पोरं त्यांना याडी म्हणतात, म्हणजे आई. मग सगळी गल्लीच याडी म्हणायला लागली. याडीने झाडाची पानं पाहिली, वळलेली कळी पाहिली आणि आवाज खाली आणून विचारलं, "अफू तं नाई ना वं हे?"

"नाही याडी. अफूचं चुलत भावंड आहे."

"पोलीस काय सख्खं-चुलत पाहून धरत नाईत," याडी म्हणाली, आणि आठ दिवस आमच्या वाफ्याकडे पाठ करून बसली. पहिलं फूल उघडल्यावर मात्र स्वतःच आत आली. कळीवरची टोपी दोन फाकांत गळून पडते आणि आतून पाकळ्या निघतात त्या अगदी चुरगळलेल्या, पेटीच्या तळातून काढलेल्या लुगड्यासारख्या. तासाभरात उन्हाने त्यांची घडी मोडते. याडीने बोट लावून पाहिलं. "कागद हाये हा. पताकेचा कागद." तेव्हापासून गल्लीत त्याचं नाव कागदाचं फूल. हळदीकुंकवाला, शाळेच्या गॅदरिंगला, कोणाच्या वाढदिवसाला बायका माझ्याकडून दहा-दहा फुलांची जुडी न्यायच्या. आणि या झाडाचा स्वभावच असा की जितकं कापाल तितकं देतं. दोन फुलं झाडावर राहून बोंडं धरली की संपलं, मग ते बियांच्या मागे लागतं आणि फुलायचं सोडून देतं. म्हणून रोज कापायचं. मला ते काम फार आवडायचं.

कापल्यावर खरं काम. देठातून दूध गळतं. ते तसंच गळू दिलं तर संध्याकाळपर्यंत फूल मान टाकतं. म्हणून कापल्या कापल्या देठाचं टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचं, दूध चुरचुरून काळं होईपर्यंत, आणि मग थंड पाण्यात उभं करायचं. भाजलेल्या देठाचं फूल चार-पाच दिवस जगतं. वैशूने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला खोटंच वाटलं होतं. जाळलं की जगतं, हे कुठलं शास्त्र. पण करून पाहिलं आणि तसंच झालं.

तो हिवाळा माझा तिसरा होता फुलांचा. हात चांगला बसला होता. मागच्या पायरीवर पाट टाकून मी बसायचे, पुढ्यात मेणबत्ती, डावीकडे फुलं, उजवीकडे बादली. हे शेजारी खुर्चीवर चहा घेत बसायचे. संक्रांतीच्या चार-पाच दिवस आधीची सकाळ. मी याडीशी कुंपणावरून बोलत होते, तिळाचे लाडू यंदा कडक झाले की काय असलं काहीतरी. ह्यांनी पेपरातून डोकं वर केलं.

"काय जळून राह्यलं?"

"देठं."

"देठाचा वास नाई हा."

ते उठले आणि माझा उजवा हात धरून मागे ओढला. करंगळीची बाजू आणि तिच्या शेजारचं बोट ज्योतीत होतं. कातडी पांढरी होऊन वर आली होती. देठ केव्हाच पाण्यात गेला होता, मी बोटच धरून बसले होते.

"दुखते काय वं?"

"नाही."

"काहीच नाई?"

"काहीच नाही हो."

आणि आम्ही दोघं हसलो. हे मला आजही जसंच्या तसं आठवतं. आम्हाला बरं वाटलं. दुखत नाही म्हणजे फार भाजलं नाही, असा आमचा दोघांचा हिशेब. आपल्याकडे माणूस दुखलं तर घाबरतो, न दुखलं तर देवाला हात जोडतो. याडीने कुंपणापलीकडून कोरफड दिली, मी ती लावली आणि उरलेली देठं भाजून टाकली. त्याच हाताने.

भाजलेलं लवकर भरेना. तरी मी काही म्हटलं नाही, कारण दुखतच नव्हतं. आरोग्य केंद्राची आशाताई घरोघरी विचारपूस करत आली तेव्हा बोट पाहून थबकली. तिने हळूच पदर बाजूला करून कोपर बघितलं. कोपराच्या वर एक फिका चट्टा होता, रुपयाहून थोडा मोठा. मला ते शिबं वाटत होतं, वर्षभर झालं असेल. खाजत नव्हतं. घामही येत नव्हता तिथे. "काकू, उद्या दवाखान्यात या. काकांना घेऊन या," ती म्हणाली. 'काकांना घेऊन' म्हणाली तेव्हाच मला समजायला हवं होतं.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण वैशूपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने मला डोळे मिटायला सांगितलं आणि पेनाचं टोक हातावर ठिकठिकाणी टेकवलं. "जिथे लागेल तिथे दुसऱ्या हाताने दाखवा." मी दाखवत गेले. एकदा बराच वेळ तिने काही टेकवलंच नाही, असं मला वाटलं. डोळे उघडले तर पेन करंगळीवर होता. हे बाजूला उभे होते आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते.

तिने कुष्ठरोग म्हटलं. आपल्याकडे त्याला महारोग म्हणतात, ते मी मनात म्हटलं. ती सावकाश, स्वच्छ बोलत होती. गोळ्या फुकट मिळतील, वर्षभर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. लघवी लाल होईल, कातडी काळी पडेल, घाबरायचं नाही. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कोणाला काही होत नाही. ताटवाटी वेगळी करायची नाही. "रोग जाईल, काकू. पूर्ण जाईल. बोटांतली जाण मात्र आली तर येईल, नाही तर नाही. थोडा उशीर झाला." मग तिने एकच नियम सांगितला: आधी डोळ्यांनी पाहायचं, मग हात लावायचा. तव्याला, कुकरला, चहाच्या कपालासुद्धा.

घरी चालत आलो. वाटेत किराण्याच्या दुकानापाशी मी म्हटलं, "मेणबत्त्या संपल्यात." ह्यांनी पाकीट घेतलं. मला रडू आलं नाही. वैशू फोनवर रडली, म्हणाली, "माझ्यानं झालं, मीच ते बी आणलं," आणि मी तिला समजावलं की बाई, फुलाने रोग होत नाही, फुलाने तर तो सापडला. तिला हे सांगतानाही मला काही वाटत नव्हतं. फोन कानाला होता आणि मी जिनिंगच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं मोजत होते.

त्या दिवसांत सगळं तसंच चाललं होतं. भाकरी थापताना दोन बोटं मागे राहायची, भाकर एका बाजूला जाड व्हायची. ब्लाउजचे हूक लागायचे नाहीत. सुई धरली की कधी पडली ते कळायचं नाही. संध्याकाळी हात-पाय निरखून बघायचे, कुठे चिरलं का, कुठे भाजलं का, पोरीच्या डोक्यात उवा बघाव्यात तसं. पण या सगळ्याचं दुःख म्हणाल तर कुठे होतं कोण जाणे. बोटं दोनच बधिर होती, पण बाकीची मीही त्यांच्या संगतीला गेल्यासारखी झाले होते.

राग मात्र एकदा आला, तो सांगते. रथसप्तमीला माझं हळदीकुंकू ठरलेलं होतं. वाण म्हणून प्रत्येकीला पाच फुलांची जुडी द्यायची, हे मी दिवाळीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हे म्हणाले, "यंदा राहू दे." मी म्हटलं, "काहून? मी काय चोरी केली?" गल्लीत बातमी पोचली होती, ती मीच पोचवली होती, याडीला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं. अर्ध्या बायका आल्या. आल्या त्याही चांगल्याच होत्या, उगाच कोणाला नाव ठेवत नाही. पण कुंकवाला मी करंडा उचलला की, "राहू दे ताई, तुझा हात भाजलाय, मीच लावून घेते." असं एकीने म्हटलं, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच. फुलांची जुडी पदराच्या टोकात घेतली. प्रत्येकीने स्वतःचं कुंकू स्वतःच लावलं आणि मला नमस्कार करून गेली. माझं बोट तेव्हा भरत आलं होतं.

शेवटी याडी आली. तिला उशीर झाला होता, शेतातून कापूस वेचून आली होती, केसांत पाटीतला पाचोळा. तिने समोर बसून कपाळ पुढे केलं.

"लाव."

"मला समजत नाही याडी, बोट टेकलं की नाही ते."

"मले समजते ना. लाव."

मी करंगळीशेजारच्या बोटाने कुंकू घेतलं. आयुष्यभर त्याच बोटाने लावत आले. तिच्या कपाळापर्यंत बोट गेलं की नाही ते मला बघून ठरवावं लागलं, आणि तरी चुकलं, कुंकू भुवईवर उतरलं, खाली नाकापर्यंत रेघ गेली. मी पदराने पुसायला गेले तर तिने हात धरला. "राहू दे तसंच." तसंच भुवईभर कुंकू घेऊन ती दुसऱ्या दिवशी दुकानात गेली, दळण आणायला गेली. कोणी विचारलं की सांगायची, लता बाईनं लावलं. लता म्हणजे मी.

पुढे फुलांचा बहर होता तो सगळा ह्यांच्या एका खेळात गेला. डॉक्टरीणबाईचा पेन पाहून ह्यांनी स्वतःची तपासणी काढली. सकाळी चहा झाला की गळालेली एक पाकळी उचलायची, मला डोळे मिटायला सांगायचे आणि ती पाकळी बोटावर टेकवायची. पेन टोचतो, म्हणायचे, फूल नाही टोचत. पेनाचं टोक जिथे कळत नाही तिथे पाकळी काय कळणार, हे ह्यांना कोण सांगणार.

"लागते?"

पहिल्या दिवशी मी 'नाही' म्हटलं. ह्यांचं तोंड बघितलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "थोडं थोडं." तिसऱ्या दिवसापासून 'हो' म्हणायला लागले. 'हो' म्हटलं की हे शीळ घालत सायकल काढायचे. याडीला सांगायचे, "येऊन राह्यली जाण, हळूहळू येऊन राह्यली." वैशूला फोनवर सांगायचे. मला वाटायचं, एका शब्दाने एवढं होत असेल तर म्हणायला काय जातं. खोटं बोलल्याचंही काही वाटलं नाही. त्या वर्षी मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

होळीच्या आधीची एक सकाळ. ऊन तापायला लागलं होतं, झाडं खालून पिवळी पडत होती. मी डोळे मिटून हात गुडघ्यावर ठेवला. मी थोडं थांबले आणि सवयीने म्हटलं, "हो, लागली." आणि डोळे उघडले.

पाकळी ह्यांच्या डाव्या तळहातावर होती. उजव्या हातात अजून चहाचा कप होता. ह्यांनी सुरुवातच केली नव्हती.

"बरं," हे म्हणाले. कप खाली ठेवला, पाकळी शर्टाच्या खिशात घातली आणि कामावर गेले. त्यानंतर कधी डोळे मीट म्हटलं नाही. मीही विषय काढला नाही. त्या होळीला मी झाडं उपटली, बी धरू दिलं नाही. पुढच्या दसऱ्याला वैशूने विचारलं तर म्हटलं, गुडघे दुखतात, वाकवत नाही. त्याच्या पुढच्या दसऱ्याला तिने विचारलं नाही.

गोळ्यांचं वर्ष संपलं. काळी पडलेली कातडी हळूहळू उजळली. डॉक्टरीणबाईने कार्डावर शेवटची सही केली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही बऱ्या झालात." ते खरंच आहे. ज्या बायका पदरात फुलं घेऊन गेल्या होत्या त्या आता माझ्या हातची पुरणपोळी मागून खातात. बोटं दोन तशीच राहिली.

यंदा दसऱ्याला मी मागच्या आवारात गेले तर हे ट्रेमध्ये रेती चाळत होते. मला विचारलं नव्हतं. बी कुठून आणलं तेही सांगितलं नाही. वैशूनेच पाठवलं असणार, विचारायची गरज नव्हती. मी बाजूला बसले आणि चिमूट घेतली. उजव्या हाताने घेतलेलं बी हातात आहे की पडलं ते कळेना, म्हणून डाव्या हाताने घेतलं. डाव्याने पेरलं. रोपं वेडीवाकडी आलीत, एकीकडे दाट, एकीकडे विरळ. पण आली.

तर काल सकाळची गोष्ट. कळी कापली. नारिंगी होती. तिच्यामागे आणखी सहा-सात तयार होत्या, त्याही कापल्या. पायरीवर पाट टाकला. आता मी देठ हाताने धरत नाही, चिमट्याने धरते. ह्यांनी मेणबत्ती पेटवली, स्वतः शेजारी खुर्चीत बसले, पेपर उघडला. दोन फुलांचे देठ भाजून झाले. वाफ्यात एक कळी आदल्या दिवशी माझ्या नजरेतून सुटून तिथेच उमलली होती, तीही तोडून आणली होती; तिची एक पाकळी गळून पायरीवर पडली. ह्यांनी ती पाहिली आणि पेपर वर धरला.

मी चिमटा खाली ठेवला. म्हटलं, "करा ना."

"काय?"

"तेच. पाकळीचं."

पेपर बराच वेळ वरच राहिला. मग त्याची घडी झाली. मी हात गुडघ्यावर ठेवला, डोळे मिटले. जिनिंगचं मशीन चालू होतं, पट्टा जुना झालाय, त्याचा खटखट आवाज येतो. याडी नळावर कोणाला तरी रागावत होती.

"लागते?"

"नाही."

"नाई?"

"नाही लागत. काहीच नाही." माझा आवाज मलाच परका वाटला. "तेव्हाही लागत नव्हतं हो. एकही दिवस नाही लागलं. तुमच्यासाठी म्हणत होते."

डोळे उघडले. पाकळी करंगळीशेजारच्या बोटावर होती, आणि ह्यांचा अंगठा तिच्यावर दाबलेला. नख पांढरं होईपर्यंत दाबला होता. तेव्हा मला रडू आलं. तीन हिवाळ्यांचं एकदम आलं, नाकातून, तोंडातून, कसंही. ह्यांनी मला रडू दिलं.

मग म्हणाले, "मीट डोळे. अजून झालं नाई."

पाकळी ते वर नेत होते, हे त्यांच्या विचारण्यावरून मला समजत होतं. "इथं?" नाही. "इथं?" नाही. "अन् इथं?" नाही. तळहाताची कड संपत आली असेल. "इथं?" मी 'नाही' म्हणणार होते आणि थांबले. अगदी हलकं काहीतरी होतं. गार, थोडं ओलसर.

"इथं आहे," मी म्हटलं.

मनगटापाशी, बांगडी बसते त्या जागी. ह्यांनी पाकळी खाली ठेवली, खिशातला जिनिंगचा निळा पेन काढला आणि बांगडी वर सरकवून तिथे आडवी रेघ ओढली. रेघेचं शेवटचं टोक मला लागलं, आधीचं नाही.

"याच्या वरचं तू सांभाळजो," हे म्हणाले. "खालचं मी पाह्यतो."

मेणबत्ती अर्धी झाली होती आणि पाच फुलांचे देठ भाजायचे राहिले होते. ह्यांनी चिमटा स्वतःच्या हातात घेतला. पहिलं फूल फार जाळलं, दुसरं कमी. मी बाजूने सांगत राहिले, बस, आता काढा.

रेघ रात्रीच्या भांड्यांत पुसून गेली. आज सकाळी चहा झाल्यावर ह्यांनी पुन्हा पेन काढला.